मालवणात थाळीपलीकडे काय खावे?

प्रश्न : मार्चच्या अखेरीस आम्ही नागपूरहून दोन दिवसांसाठी मालवणला जाणार आहोत. सासूबाई शाकाहारी आहेत, बाकी सगळे मासे खातात. ‘मालवणी थाळी’ आता आमच्याकडेही मिळते. मग तिथेच जाऊन खावे असे काय आहे? सासूबाईंची आबाळ तर होणार नाही ना?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : आपण निवडलेल्या दिवसांत खरी चैन सासूबाईंचीच आहे, कारण तेव्हा ओल्या काजूचा हंगाम असतो. कच्च्या बिया चिरून गर काढताना त्यांच्या चिकाने हात पोळतात, म्हणून हे गर महाग असतात. पण ओल्या खोबऱ्याच्या वाटपात शिजलेली त्यांची उसळ एकदा खाल्ली, की वाळलेल्या काजूची भाजी पुन्हा मागवावीशी वाटत नाही. ती रोज सगळीकडे मिळेलच असे नाही. त्यामुळे खानावळीत आदल्या दिवशीच सांगून ठेवावे. त्याच वेळी काळ्या वाटाण्याचे सांबार आणि वडेही सांगावेत. आपण ज्याला कोंबडी-वडे म्हणतो, त्या वडे-सागोतीतले हेच वडे सांबाराबरोबरही तितक्याच आवडीने खाल्ले जातात. मात्र वडे तळण्याचे तेल वेगळे आहे का, हे आधी विचारून घ्यावे.

बाकीच्यांनी सुरमई-पापलेटाच्या मागे न लागता बांगड्याचे तिरफळ (मिरीसारखे रानफळ) घातलेले कालवण मागावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तिरफळाने जीभ किंचित झिणझिणते. ते वासासाठी असते, चावून खायचे नसते. सावजीची सवय असलेल्या आपल्या जिभेला हा रस्सा सौम्य वाटेल, कारण इथे मसाल्याइतकाच नारळ बोलतो. तिसऱ्या (शिंपले) ताज्या असतील तर सुक्या, भरपूर खोबरे घातलेल्या घ्याव्यात. (जून-जुलैमध्ये यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते, त्या काळात ताज्या मासळीसाठी येणाऱ्यांची निराशा होते.)

सोलकढी कोकमाच्या आगळाची (घट्ट रसाची) आणि नारळाच्या ताज्या दुधाची असावी. ती पेल्यात थोडा वेळ ठेवल्यावर दूध वर आणि पाणी खाली असे वेगळे होऊ लागले, तर बिचकू नये, ढवळून प्यावी.

सकाळच्या न्याहारीला घावणे (तांदळाची पातळ धिरडी) किंवा शिरवाळे मिळाले तर सोडू नयेत. शिरवाळे म्हणजे तांदळाच्या उकडलेल्या गोळ्यांपासून साच्यातून पाडलेल्या शेवया; त्या गूळ-वेलची घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून खातात. हॉटेलात त्या क्वचितच असतात; घरगुती मुक्कामाच्या यजमानीणबाईंना विचारावे, आणि साच्यावर जोर लावायला घरातला एखादा धट्टाकट्टा माणूस देऊ करावा, म्हणजे होकार लवकर येतो.

परतीच्या प्रवासासाठी बाजारातून खाजे घ्यावे : बेसनाच्या तळलेल्या कांड्या, वर आल्याच्या स्वादाच्या गुळाचा पाक. नागपूरपर्यंत ते सहज टिकते, फक्त डबा घट्ट लावावा, नाहीतर पाक दमट होऊन कांड्या एकमेकींना चिकटतात.