प्रवासात पोर्टेबल हॅम रेडिओ कसा सांभाळावा? हार्ड केस घ्यायलाच हवी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: व्हीयू३ कॉलसाइन (हॅम लायसन्सची रेडिओवरची ओळख) नुकतंच मिळालंय, वापरलेला पण सुस्थितीतला याएसू एफटी-८१८ हा छोटा रेडिओ घेतलाय. नाशिकहून एसटीने सप्तशृंगी गड आणि पुढे साल्हेर करायचाय, नंतर रेल्वेचा लांबचा प्रवास आहे, एकदा विमानही आहे. रिग (म्हणजे रेडिओ संच) साध्या सॅकमधून नेली तर चालेल, की महागडी हार्ड केस घ्यावी?

कॉलसाइनबद्दल मनापासून अभिनंदन. हार्ड केस आत्ता घेऊ नका. केस वाईट असते म्हणून नव्हे. तुमच्या प्रवासात सामान पाठीवर आणि मांडीवर राहणार आहे, आणि त्या केसचं वजन साल्हेरच्या चढाला (१५६७ मीटर, राज्यातला सर्वांत उंच किल्ला) तुमच्याच खांद्यावर येणार. सामान मालासोबत पाठवायचं असेल, गाडीच्या टपावर बांधायचं असेल, तर केसला पर्याय नाही. तुमचं तसं काही दिसत नाही.

बऱ्याच जणांच्या पोर्टेबल रिग बघून माझं एक मत पक्कं झालंय. रेडिओला बॅगेबाहेरच्या धक्क्यापेक्षा बॅगेतल्या शेजाऱ्यांचा धोका जास्त असतो: बॅटरी, पक्कड, पाण्याची बाटली, अँटेनाचा खुंटा. द्राक्षाच्या पेटीत घडाशेजारी कुणी दगड ठेवत नाही, पण रेडिओच्या कप्प्यात आपण दीड किलोची बॅटरी बिनदिक्कत टाकतो.

तुमचा एफटी-८१८ हातात घेऊन नीट बघा. १३५ बाय ३८ बाय १६५ मिलिमीटरचा धातूचा ठोकळा. वरून-खालून दाब आला तर त्याला फारसं काही होत नाही. पण पुढच्या तोंडावर डायल आणि नॉब बाहेर आलेले आहेत, तिथेच अँटेनाचं बीएनसी कनेक्टर आहे, बाजूला माइकचं कनेक्टर, मागे अँटेनाचंच एम-टाइप कनेक्टर आणि डीसी पॉवरचं बारीक जॅक. सॅक तोंडावर आपटली की सगळा भार नॉबवर येतो, नॉबवरून शाफ्टवर आणि शाफ्टवरून थेट आतल्या सोल्डरवर. रिग वरून ठणठणीत दिसते, पण डायल फिरवला की फ्रिक्वेन्सी उड्या मारायला लागते. शिवाय हे मॉडेल कंपनीने बनवणं थांबवलंय, त्यामुळे सुटे भाग शोधणं पुढे अवघडच होत जाणार.

म्हणून पहिलं काम, निघण्यापूर्वी रिगला जोडलेली प्रत्येक गोष्ट काढायची. अँटेना, पॉवर केबल, माइक, सगळं. डीसी जॅक हा या रिगचा नाजूक भाग आहे. केबल तशीच लावून बॅगेत कोंबली की पिन वाकडीतिकडी दाबली जाते आणि मग वापरताना हात लागला तरी रिग बंद पडते. माइक काढायचं कारण वेगळं आहे. बॅगेत माइकचं पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) दाबलं गेलं आणि चुकून पॉवरचं बटणही दाबलेलं असलं, तर रिग आतल्या बॅटरीवर, अँटेनाशिवाय, फोममध्ये गुंडाळलेल्या अवस्थेत ट्रान्समिट करत राहते. ती तापते, आउटपुट ट्रान्झिस्टरवर ताण येतो. अँटेना लावलेल्या हँडीच्या (हातात धरायच्या छोट्या रेडिओच्या) बाबतीत तर तुम्हाला पत्ताही नसताना रिपीटर (सगळ्यांचे संदेश पुढे पाठवणारं सामायिक केंद्र) अडून बसतो आणि बाकीच्यांना बोलता येत नाही. हँडी असेल तर बॅटरीच काढून ठेवा. नुसत्या की-लॉकवर विसंबू नका, कारण बहुतेक हँडींत की-लॉकने पीटीटी बंद होत नाही.

नॉब वाचवण्यासाठी मी करतो तो उपाय सांगतो, खर्च जवळपास नाही. पॅकिंगच्या पांढऱ्या ईपीई फोमचा २५ मिलिमीटर जाड तुकडा रिगच्या तोंडाच्या मापाचा कापायचा. त्यावर रिग तोंड खाली करून हलकी दाबायची, म्हणजे नॉब, डायल, बीएनसी यांचे ठसे उमटतात. त्या ठशांच्या जागी धारदार कटरने आरपार खिडक्या कापायच्या, प्रत्येक खिडकी ठशापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठी. आता फोम बसवला की भार पॅनेलच्या कडांवर जातो आणि नॉब खिडकीत मोकळे राहतात. वरून पातळ प्लायवूडचा किंवा सनबोर्डचा तुकडा चिकटवला की बाहेरून काही टोचतही नाही. सगळा फोम एकसंध ठेवून रिग त्यात घट्ट दाबून बसवणं चूक आहे. तसं केलं तर प्रवासभर नॉब दाबलेलेच राहतात.

फोम घेताना गादीचा स्पंज नको. तो पाणी शोषतो, दोन पावसाळ्यांत भुगा होतो आणि तो भुगा नॉबच्या फटीत जातो. ईपीई किंवा ईव्हीए फोम पाणी पीत नाही. नाशिकमध्ये हे मिळवायला त्रास नाही, द्राक्षाच्या पॅकिंगचं सामान विकणाऱ्या दुकानांत ईपीई शीट आणि बबल शीट मिळतंच.

द्राक्षाचा विषय निघालाच आहे तर कळकळीने सांगतो. हंगामात निफाड-दिंडोरीकडे घरोघरी रिकाम्या पेट्या पडलेल्या असतात, त्यातलं बबल शीट खुशाल वापरा. पण त्याच पेटीतला ग्रेप गार्डचा कागद शोषकाचा पॅड समजून रेडिओच्या डब्यात कधीही ठेवू नका. त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट असतं. ओलावा लागला की त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो. द्राक्षावरची बुरशी रोखायला तो हवाच, पण बंद डब्यात ओल्या हवेबरोबर तोच वायू कनेक्टर आणि कॉन्टॅक्ट खाऊन टाकतो. रेडिओसाठी फक्त सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले किंवा नारिंगी हिरवे झाले, की ते ओलाव्याने भरले असं समजा आणि पुन्हा सुकवा.

डब्याचं म्हणाल तर स्वयंपाकघरातला चारही बाजूंनी लॉक होणारा, झाकणात सिलिकॉनची रिंग असलेला डबा उत्तम. आतलं माप किमान १८ बाय २३ बाय ८ सेंटिमीटर बघा, म्हणजे पुढची खिडक्यांची चौकट धरून सगळीकडून दोन-दोन सेंटिमीटर फोम बसतो. डबा सॅकच्या मधोमध, पाठीच्या बाजूला, वरखाली कपडे. पाण्याची बाटली बाहेरच्या जाळीत, म्हणजे गळली तरी आत येणार नाही. एफटी-८१८ वॉटरप्रूफ नाही. ज्या हँडीवर आयपी६७ वगैरे लिहिलेलं असतं, तीही बाजूच्या जॅकचं रबरी झाकण नीट दाबलेलं असेल तरच पाण्याला दाद देत नाही.

पाऊस दिसतो, दव दिसत नाही, म्हणून तिथे जास्त फसगत होते. एसी डब्यातून पावसाळ्यात इगतपुरीला किंवा नाशिकरोडला उतरलात, तर थंडगार रिगवर बाहेरची दमट हवा लगेच पाणी धरते, आतल्या बोर्डावरसुद्धा. उतरल्या-उतरल्या डबा उघडू नका. बंदच ठेवा, अर्धा-पाऊण तासाने डबा हाताला बाहेरच्या हवेइतकाच लागला की मग उघडा. डिसेंबरात गडावर रात्र काढून सकाळी तंबूत शिरतानाही हेच.

एसटीत रिग डिकीत नको आणि वरच्या कॅरियरवरही नको. वणीच्या घाटात वळणावर वरून एखादी सॅक खाली आली की तिच्यात काय आहे हे कुणी विचारत नाही. शक्यतो दोन चाकांच्या मधली सीट धरा, मागच्या चाकामागच्या सीटवर दणके सर्वांत जास्त बसतात. डबा मांडीवर. रेल्वेत खालच्या बर्थखाली ठेवलात तर दुसऱ्याची ट्रंक पायाने आत सरकवली जातेच, त्यापेक्षा उशाशी घ्या. मोटारसायकलवर मात्र कॅरियरला बांधूच नका. इंजिनाची बारीक, सतत थरथर स्क्रू सैल करते. पाठीवर घेतलं की तुमचं शरीरच ती थरथर शोषून घेतं. लांबच्या फेरीनंतर रिगच्या बाहेरच्या स्क्रूंवरून एकदा हलक्या हाताने स्क्रूड्रायव्हर फिरवत जा. आणि मे महिन्यात काचा बंद केलेल्या गाडीत रिग किंवा बॅटरी ठेवून दर्शनाला जाऊ नका, डिस्प्ले आणि लिथियम दोन्ही त्या उष्णतेने खराब होतात.

पुढे हँडी घेणार असाल तर आत्ताच लक्षात ठेवा. अँटेना लावलेली हँडी सॅकच्या बाजूच्या जाळीत खोचून चालायची पद्धत फार दिसते. हँडीवरच्या एसएमए या अँटेना कनेक्टरचा आटा जेमतेम पाव इंचाचा, आणि त्यावर उभी लांब अँटेना म्हणजे सरळ तरफ. दाराला, फांदीला अडकली की आधी कनेक्टरच बोर्डावरून सुटतो. प्रवासात अँटेना काढून, एसएमएवर टोपी घालून न्या.

कोएक्स (अँटेनाची केबल) हाताच्या कोपराभोवती आवळून गुंडाळू नका. आरजी-५८ जातीची केबल असेल तर वेटोळं निदान दहा सेंटिमीटर व्यासाचं ठेवा, आणि कनेक्टरच्या मुळाशी वाक येऊ देऊ नका. एंड-फेड (एका टोकाला केबल जोडायच्या) अँटेनाचा ट्रान्सफॉर्मर फेराइटच्या रिंगवर असतो. फेराइट ठिसूळ, पडलं की तडकतं, म्हणून ती डबी फोममध्येच.

आता बॅटरी. ती रिगच्या डब्यात नाही, वेगळ्या पिशवीत. टोकांवर टोपी किंवा टेप, आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. त्या पिशवीत अॅडॉप्टर, नाणी, किल्ल्या असलं काही धातूचं नको. बीएनसीचं सुटं अॅडॉप्टर दोन टोकांमध्ये अडकलं तर लिथियम बॅटरी क्षणात वायर वितळवण्याइतका करंट सोडते.

विमानाला हाच हिशेब आणखी कडक. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत, त्या केबिनमध्येच न्याव्या लागतात. १०० वॅट-अवरपर्यंत सहसा अडचण नाही. १०० ते १६० ला एअरलाइनची आधी परवानगी लागते आणि अशा दोनच सुट्या बॅटऱ्या नेता येतात. त्यावर बंदच. १२.८ व्होल्ट, ६ अँपिअर-अवरचा लिथियम आयर्न फॉस्फेट पॅक ७६.८ वॅट-अवर भरतो, म्हणजे निर्धास्त. १२ अँपिअर-अवरचा १५३.६ होतो, तो परवानगीशिवाय नेऊ नका. आकडे पॅकवर छापलेले हवेत. घरी जोडलेला, नुसती श्रिंक ट्यूब (तापवून आवळलेलं प्लास्टिकचं आवरण) चढवलेला पॅक सुरक्षा तपासणीत अडण्याचीच शक्यता जास्त, तो नाशिकला ठेवून जा.

लायसन्सची प्रत आणि रिगचं बिल, ज्यावर सीरियल नंबर आहे, डब्याच्या झाकणाखालीच ठेवा. वापरलेली रिग आहे म्हणून विकणाऱ्याकडून सीरियल नंबरासह लिहून घेतलेली पावतीही जोडा. तिकीट काढल्यावर एअरलाइनला रेडिओबद्दल ईमेलने विचारा आणि आलेलं उत्तर छापून घ्या. नाशिकच्या ओझर विमानतळावर तपासणीच्या रांगेत उभं राहण्याआधी डबा सॅकमधून बाहेर काढून ट्रेमध्ये वेगळा ठेवा, विचारलं तर स्वतः उघडून दाखवा. दुसऱ्या कुणी घाईत उघडला तर फोमची चौकट उलटी बसते आणि पुढचा सगळा प्रवास नॉब दाबलेले राहतात.