तिसऱ्याच लेव्हलला पेटती तलवार दिली, आता काय करू?

प्रश्न: ताई, मी सहा महिने झाले कॉलेजच्या ग्रुपसाठी डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकत गोष्ट खेळायचा गेम) चालवतोय, म्हणजे गोष्ट सांगणारा डीएम मीच, फिफ्थ एडिशन, 2014 ची पुस्तकं. चार प्लेअर, सगळे तिसऱ्या लेव्हलला. गॉब्लिनच्या गुहेत शेवटी काहीतरी भारी निघावं म्हणून मी फायटरला (लढवय्या कॅरेक्टरला) फ्लेम टंग ही जादूची पेटती तलवार देऊन टाकली. आता प्रत्येक लढाई तोच संपवतो, बाकीचे मोबाइल बघत बसतात आणि रोग हे कॅरेक्टर खेळणारी मैत्रीण तर माझ्याशी धड बोलत पण नाही. तलवार चोरीला गेली असं दाखवू का?
– नवशिका डीएम, पुणे

उत्तर: नको रे बाबा, चोरी अजिबात नको, मी ते करून बसलेय. माझ्या पहिल्या कॅम्पेनमध्ये एकाची जादूची ढाल मी रातोरात पळवली, मला वाटलं काय झकास कथानक सुचलंय, आता सगळे चोरामागे धावणार, पण त्याला बरोबर कळलं की चोर वगैरे कोणी नाही, ताईच परत घेतेय, आणि पुढचे तीन रविवार तो आलाच नाही. बाकीच्यांनी काय धडा घेतला तर झोपताना पण सगळं सामान अंगाला बांधून झोपायचं आणि दर रात्री पहारा कोण देणार यावर पंधरा मिनिटं चर्चा.

आधी मैत्रीण का रुसली ते बघ. (रोग म्हणजे आजार नव्हे, चोरट्या पावलांचं कॅरेक्टर, हे मला घरी अजून समजावून सांगावं लागतं.) तिसऱ्या लेव्हलला रोगचा स्नीक अटॅक, म्हणजे संधी साधून मारलेल्या घावाचं जास्तीचं डॅमेज, दोन डी-सिक्सचा (सहा बाजूंचे दोन फासे) असतो, तोही टर्नमध्ये एकदाच, आणि त्यासाठी अ‍ॅडव्हांटेज (दोन फासे टाकून चांगला धरायचा) तरी हवा नाहीतर शत्रूला आपलं कोणीतरी खेटून उभं हवं. आणि फ्लेम टंगची आग किती? तेवढीच, दोन डी-सिक्स, सरासरी 7, पण प्रत्येक फटक्याला आणि अशी कुठलीच अट नाही. म्हणजे तिच्या क्लासची (कॅरेक्टरच्या प्रकाराची) जी खरी गंमत तीच तू फायटरला फुकटात वाटलीस! वर पाचव्या लेव्हलला त्याला दुसरा अटॅक मिळणार, मग तर बघायलाच नको. ही तलवार रेअर, म्हणजे दुर्मिळ गटातली आहे, आणि रेअर वस्तू साधारण पाचव्या लेव्हलपासून पुढे द्याव्यात असं डीएमच्या पुस्तकातच आहे, पण ते पान आपण सगळेच उशिरा वाचतो.

आता तलवार राहू दे, बाकीच्यांना वर आण. रोगला क्लोक ऑफ एल्व्हनकाइंड दे, टोपी ओढली की लपायला अ‍ॅडव्हांटेज आणि शोधणाऱ्याला डिसअ‍ॅडव्हांटेज, तिचं काम तिलाच शोभेल. स्पेल टाकणाऱ्यापैकी कोणाला तरी पर्ल ऑफ पॉवर, दिवसातून एकदा तिसऱ्या लेव्हलपर्यंतचा स्लॉट (एक स्पेल टाकायची ताकद) परत मिळतो. दोन्ही अनकॉमन, म्हणजे रेअरच्या खालच्या गटातल्या आहेत, गेम मोडत नाही. विझार्ड असेल तर त्याची फार काळजी करू नकोस, पाचव्या लेव्हलला तो फायरबॉल हा स्पेल घेईल, आठ डी-सिक्स, समोर उभे असतील तेवढ्या सगळ्यांना, मग कदाचित फायटरच रुसून बसेल. फक्त एकाच सेशनला सगळ्यांना वाटप करू नकोस, ते दिवाळी बोनससारखं दिसतं आणि का दिलं ते सगळ्यांना कळतं.

आणि ती तलवार काय करते ते नीट वाच. पेटवल्याशिवाय जास्तीचं डॅमेज नाही, आणि पेटवली की चाळीस फूट लख्ख उजेड आणि त्यापुढे चाळीस फूट अंधूक. एखादी मोहीम अशी ठेव की पहारेकरी खूप आहेत आणि उजेड दिसला की संपलं, तिथे रोग पुढे आणि फायटर तलवार म्यानात घालून मागून चालतोय. कधीतरी आगीला न जुमानणारा सैतान आण, पण कधीतरीच हं, दर लढाईत आणलास तर ती पण चोरीच झाली.

प्रश्न: माझी पार्टी (प्लेअरचा गट) सातव्या लेव्हलला आहे. फायटरने 1500 देऊन प्लेट आर्मर घेतलं, त्यानंतर प्रत्येकाकडे चार-पाच हजार गोल्ड (सोन्याची नाणी) नुसतं पडून आहे. खजिना सापडला तरी "बरं, लिहून ठेव" एवढंच म्हणतात. कमी द्यायला लागू का?
– एक डीएम, नाशिक

उत्तर: कमी दिलंत तर ते कमी लिहून ठेवतील, एवढाच फरक. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसनचा हा गेम आला तेव्हा डंजनमधून (राक्षसांच्या गुहा-तळघरांतून) बाहेर आणलेल्या प्रत्येक सोन्याच्या नाण्याला एक एक्सपी (अनुभवाचा गुण, ज्यावर लेव्हल वाढते) मिळायचा, म्हणून लोक राक्षसाशी भिडण्यापेक्षा त्याला चुकवून पेटी कशी उचलायची याचाच विचार जास्त करायचे. पुढे अ‍ॅडव्हान्स्ड डी अँड डी या आवृत्तीत लेव्हल वाढवायला ट्रेनिंगचे पैसे भरावे लागायचे, आठवड्याला लेव्हल गुणिले 1500 गोल्ड, म्हणजे आलेला पैसा गेला पण. 1989 च्या दुसऱ्या एडिशनमध्ये सोन्याचे एक्सपी ऐच्छिक झाले, आणि तुमच्या 2014 च्या पुस्तकात तर पैसा येतो पण जायला वाटच नाही. तुमच्या प्लेअरचं काही चुकत नाहीये.

तर वाट काढा. रिव्हिव्हिफाय या मेलेल्याला जिवंत करणाऱ्या स्पेलला दर वेळी 300 गोल्डचे हिरे लागतात आणि ते संपतात, हे हिरे कुठल्याही दुकानात मिळतात असं ठेवू नका, आणि खजिन्यात नाण्यांऐवजी तेच ठेवा, बघा कसे हिसकावून घेतात. शिडाचं जहाज 10,000 ला आहे, सगळ्यांनी मिळून आजच येईल. आणि माझा आवडता उपाय म्हणजे बक्षीस म्हणून राजाने एक पडका किल्ला द्यायचा, फुकट! नवा छोटा किल्ला बांधायला पुस्तकात 50,000 गोल्ड आणि 400 दिवस लिहिलेत, तुमच्या पडक्या किल्ल्याचं छप्पर गळतंय, तट ढासळलाय, शिकलेल्या कारागिराची मजुरी रोजची 2 गोल्ड, आणि शेजारच्या गावाला वाटतंय की आता आपलं रक्षण हेच करणार. ज्यांनी घर बांधलंय त्यांना पैसा कुठे जातो हे विचारायला लागत नाही. पण आधी एकदा प्लेअरना विचारा की तुमच्या कॅरेक्टरला पैसे कशाला हवेत, काहींना नुसतं साठवायलाच आवडतं, त्यांना साठवू दे.

प्रश्न: माझी दोन मुलं (12 आणि 14) आणि त्यांचे मित्र आमच्याकडे खेळतात, डीएम मीच. वाटणीवरून दर वेळी रडारड होते. नाण्यांचं वजन पण मोजायचं असतं का?
– एक आई, न्यू जर्सी

उत्तर: वाटणी म्हटली की भाऊबंदकी आलीच, म्हणून नियम पेटी उघडायच्या आधी ठरवा. रोख पैसे समान आणि एक वाटा पार्टीच्या भिशीत, औषधं आणि हिरे त्यातून. वस्तू ज्याला वापरता येते त्याला, दोघांना येत असेल तर मागच्या वेळी ज्याला मिळालं नाही त्याला, तरी भांडण असेल तर फासे. अट्यूनमेंट लागणाऱ्या (आधी स्वतःशी जुळवून घ्याव्या लागणाऱ्या) जादूच्या वस्तू एकाला तीनच वापरता येतात, ते पण आठवण करून द्या.

वजन एकदा तरी मोजाच, मुलांना मजा येते. 50 नाण्यांचा एक पौंड, म्हणजे नाणं साधारण 9 ग्रॅमचं, तोळ्याला थोडं कमी. 2014 च्या पुस्तकात सुरुवातीच्या लेव्हलसाठी जे खजिन्याचं टेबल आहे, त्यातल्या खजिन्यात सरासरी 2100 तांब्याची, 1050 चांदीची आणि 70 सोन्याची नाणी निघतात, किंमत सगळी मिळून 196 गोल्ड आणि वजन 64 पौंड! तांबं गुहेतच टाकून जायचं का यावर ते अर्धा तास भांडतील, पण हे भांडण चांगलं असतं. मग बॅग ऑफ होल्डिंग ही जादूची पिशवी द्या, 500 पौंड मावतात. पोर्टेबल होल (घडी करून नेता येणारा जादूचा खड्डा) मात्र इतक्यात देऊ नका, एकात दुसरं घातलं की दोन्ही जातात आणि दहा फुटांतले सगळे थेट अ‍ॅस्ट्रल प्लेन या दुसऱ्याच जगात, आणि बारा वर्षांची मुलं ते पहिल्या पाच मिनिटांत करून बघतात.