बागेत वायरलेस सेन्सर लावण्याआधी

दादा, द्राक्षबागेत ओलाव्याचे सेन्सर लावताय, छान! सगळी माहितीपुस्तिका पाठ करू नका. आधी एवढंच:

- नोड: मातीतला ओलावा मोजून रेडिओने पाठवणारी डबी.
- गेटवे: सगळ्या नोडांचे आकडे गोळा करून इंटरनेटवर टाकतो. गच्चीवर, उंच लावा.
- आरएसएसआय: सिग्नलची ताकद. आकडा उणे असतो आणि नवखे इथेच हमखास गोंधळतात. −७० उत्तम, −१२० म्हणजे संपर्क तुटायच्या बेतात.
- इंटरव्हल: किती वेळाने मोजायचं. दर मिनिटाला लावलंत तर बॅटरी उगाच संपेल. ओलाव्याला अर्धा तास पुरतो.

लोरा (नोडचे आकडे कमी बॅटरीत लांबवर गेटवेपर्यंत पोचवणारं रेडिओ तंत्र) घेताना ८६५-८६७ मेगाहर्ट्झचंच घ्या. स्वस्त मिळालं तरी ९१५ वालं नको, आपल्याकडे ते विनापरवाना वापरायची मोकळीक नाही. रेंज मात्र छाटणीनंतर नव्हे, पानं भरल्यावर तपासा, पानं सिग्नल अडवतात. कॅलिब्रेशनचं, म्हणजे सेन्सरचे आकडे आपल्या मातीशी जुळवून घ्यायचं, पुढे बघू.