एकटीने व्हिएतनाम फिरताना हालाँग बेमध्ये रात्रीच्या मुक्कामाची ग्रुप बोट टूर घ्यावी का?

घ्या. तुम्ही लिहिलंय की महिनाभर पाठीवर सॅक टाकून फिरणार आहात, बजेट बेताचं आहे, आणि हनोईतला जो तो एजंट 'दोन दिवस, एक रात्र' गळ्यात मारतोय. मग त्यापेक्षा एका दिवसाची सहल करून भागणार नाही का? माझ्या मते नाही भागणार. हनोईहून जायला अडीच तास, यायला अडीच तास. पाण्यावर जेमतेम चार-पाच तास मिळतात, तेही भर दुपारचे. सगळ्या बोटी तेव्हा त्याच दोन-तीन ठिकाणी जमलेल्या असतात. हालाँगची खरी वेळ दुपारी चारनंतर सुरू होते आणि सकाळी आठला संपते. नेमकी तीच एका दिवसाच्या सहलीत हातची जाते.

हालाँग बे म्हणजे हालाँगचा उपसागर. चुनखडीची दोन हजारांच्या आसपास बेटं आहेत तिथे, सरळसोट उभी. पाण्यालगत प्रत्येकाच्या पायथ्याशी एक खोल खाच कोरलेली दिसते. ती समुद्राच्या पाण्याने हळूहळू विरघळवलेली. उन्हं उतरली की मागच्या डोंगरांच्या रांगा एकेक करून निळ्या-राखाडी होत जातात. माझं आजोळ देवगडचं, त्यामुळे समुद्र म्हटलं की लाटांचा आवाज आलाच. इथे बेटांनी बाहेरची लाट अडवल्यामुळे पाणी तळ्यासारखं निपचित असतं. आणि भरती दिवसातून एकदाच! आपल्याकडे दोनदा येते. हालाँग ज्यात येतं त्या टोंकिनच्या आखातात बहुतेक दिवस एक भरती, एक ओहोटी. बुटक्या गुहांमधून कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी होडी, कधी नेता येईल हे त्यावरच ठरतं. रात्री जेवणं झाली की बोटीवरचे लोक दिव्याखाली गळ टाकून माकुल धरायला बसवतात. मिळतं क्वचितच, पण इंजिन बंद झाल्यावर तिथे बसायला मिळणं मला फार मोलाचं वाटलं. तुम्हालाही वाटेल.

म्हणूनच खोलीचे फोटो बघून बोट निवडू नका. एजंटला पहिला प्रश्न हा विचारा: रात्री नांगर कुठे टाकता? हालाँग बेमध्ये मुक्कामाच्या जागा ठरवून दिलेल्या आहेत, आणि मुख्य मार्गावर रात्री आजूबाजूला कितीतरी बोटींचे दिवे दिसतात. दक्षिणेला लागूनच लान हा बे आहे, कात बा बेटाला बिलगून. तो हाय फाँग शहराच्या हद्दीत येतो, डोंगर तसेच, गर्दी मात्र कमी. उत्तर-पूर्वेला बाय तू लाँग, तोही निवांत. हालाँग १९९४ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि २०२३ मध्ये कात बाचाही त्यात समावेश झाला, तेव्हा लान हा घेतल्याने आपण काही दुय्यम बघतोय असं अजिबात नाही. तितोप बेटाच्या चारशेवर पायऱ्या चढून वरून दिसणारा देखावा आणि सुंग सोत गुहा तेवढी चुकेल. मी लान हाच निवडीन.

आता सुरक्षिततेचं. इथे पैसे वाचवायला जाऊ नका, हे कळकळीने सांगतो. फेब्रुवारी २०११ मध्ये तितोपजवळ नांगरलेली मुक्कामाची बोट पहाटे बुडाली आणि १२ जण गेले. वादळ नव्हतं. जुलै २०२५ मध्ये दिवसा फिरायला निघालेली बोट अचानक आलेल्या वादळी पावसात उलटली, तीसहून अधिक माणसं दगावली. रोज इतक्या बोटी सुखरूप ये-जा करतात, म्हणून या दोन घटनांमुळे बेत रद्द करा असं मी म्हणणार नाही. पण बोट लाकडी की पोलादी, किती वर्षांची, हे विचारा, पोलादीच घ्या. खोली वरच्या मजल्यावरची मागा. खालच्या खोल्या स्वस्त असतात, पण पाण्यालगत असतात आणि जनरेटरची घरघरही तिथेच जास्त. बोटीवर पाऊल ठेवल्यावर सॅक टाकायच्या आधी लाइफ जॅकेट कुठे आहे, खिडकी पूर्ण उघडते का, बाहेर पडायला दुसरी वाट कोणती, एवढं बघून घ्या. यातलं काहीही विचारायला लाजू नका.

ऋतूही बघा. जून ते सप्टेंबर वादळांचे दिवस. सप्टेंबर २०२४ च्या यागी वादळात तिथे नांगरलेल्या बोटीसुद्धा बुडाल्या. जानेवारी ते मार्च धुकं, रिमझिम आणि चांगलीच थंडी असते, कयाकमध्ये हात गारठतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर सर्वांत उत्तम, एप्रिलही चांगला. हवा बिघडली तर बंदर प्रशासन बोटींना सोडतच नाही, आणि हा निर्णय कधीकधी त्याच सकाळी येतो. तेव्हा पैसे परत मिळणार, की दुसरी तारीख, की एका दिवसाच्या सहलीवर बोळवण, हे आधीच लेखी घ्या. व्हॉट्सअॅपवरचा मेसेजही चालेल.

एकटीचा प्रश्न तुम्ही वेगळा विचारला आहे. बहुतेक खोल्या दोघांच्या असतात. एकट्या प्रवाशाला एक तर जादा पैसे भरावे लागतात, नाहीतर अनोळखी सोबतीबरोबर खोली वाटून घ्यावी लागते. वाटून घ्यायची असेल तर सोबतीला बाईच असेल हे बुकिंगमध्ये लिहून घ्या. जेवणाला चार-सहा जणांना एका टेबलावर बसवतात, त्यामुळे एकटं पडायची भीती नाही. अशा टेबलावर माझ्या छान ओळखी झाल्या. फक्त हॉस्टेलवाल्यांच्या पार्टी बोटी असतात, तिथे रात्रभर गाणी आणि दारू. तुम्हाला शांतता हवी आहे असं प्रश्नावरून दिसतं, म्हणून त्या टाळा.

शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच सांगा आणि बोटीवर चढताना पुन्हा सांगा. व्हिएतनामी भाज्यांमध्येही माशाचा सॉस सर्रास पडतो, तो नको हे वेगळं सांगावं लागतं. 'अन चाय' म्हटलं की शाकाहारी हे त्यांना कळतं. तरी चटणी-मेतकूट जवळ असू द्या.

खर्चाचा अंदाज: बऱ्यापैकी बोटीला एका रात्रीचे माणशी शंभर-दीडशे डॉलर धरा, त्यात हनोईपासूनची गाडी, जेवणं आणि कयाक येतं. पेयं बहुतेक वेगळी, कधी पिण्याचं पाणीसुद्धा, आणि तो हिशेब दुसऱ्या दिवशी उतरताना होतो, म्हणून थोडे डाँग, म्हणजे तिथलं चलन, रोख जवळ ठेवा. पासपोर्ट मूळ प्रत लागते, प्रवाशांची नोंद बंदरावर होते. मोठी सॅक हनोईच्या हॉस्टेलवर ठेवून छोटी न्या. एवढं परवडत नसेल, तर पन्नास डॉलरची रात्रीची बोट शोधू नका. त्यापेक्षा बस आणि फेरीने कात बा बेटावर जा, तिथे स्वस्त खोली घेऊन दोन रात्री राहा आणि तिथूनच लान हाची दिवसाची बोट धरा. डोंगर आणि पाणी तेच, आणि संध्याकाळ बेटावर का होईना, मिळतेच.

बोट सोडल्यावर हनोईला पोहोचायला दुपारचे तीन-चार वाजतात, कधी उशीरही होतो, म्हणून त्या संध्याकाळचं विमान ठेवू नका. पुढे निन्ह बिन्हला जाणार असाल तर बंदरावरून थेट व्हॅन मिळते, हनोईचा फेरा वाचतो. बोटीच्याच बुकिंगमध्ये ती जोडून मागा, आणि मोठी सॅक मग सोबतच घ्या.