मुलगा मोठ्याच बाईकसाठी अडून बसलाय, काय करू?

कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की समुपदेशक म्हणून माझ्याकडे येणाऱ्या आईवडिलांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, नाही म्हटलं तर बोलायचं बंद करतो, आणि हो म्हटलं तर आमच्या जिवाला घोर."

कोल्हापूरचा निनाद (नाव बदललं आहे) असाच आला. वय एकोणीस, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. त्याला केटीएमची ताकदवान ड्यूक ३९० हवी होती. वडिलांचं म्हणणं, "घरात स्प्लेंडर आहे ना, ती चालव." बापलेकांत अबोला, आणि मध्ये आईची ओढाताण.

पहिल्या भेटींत त्याने मला त्या गाडीची इत्थंभूत माहिती ऐकवली. मी ऐकत राहिले. हट्टाशी भांडू नये, तो कोणत्या विचारावर उभा आहे ते शोधावं, असं मी ठामपणे मानते. मग एकदा विचारलं, "स्प्लेंडर घेऊन कॉलेजला गेलास तर काय होईल?"

"हसतील."

"गाडीला?"

बराच वेळ तो अंगठ्याचं नख कुरतडत बसला. "मला हसतील. मॅडम, मला गिअरची गाडी येतच नाही. सगळे दहावीतच शिकले, मी आईची ॲक्टिव्हाच चालवली. स्प्लेंडर चौकात बंद पडली तर सगळ्यांना कळेल. ड्यूकवाल्याला कोण विचारतंय, चालवता येते का म्हणून?"

या वाक्याची मी वाट पाहत होते, आणि घाई केली नाही याचं मला आजही समाधान वाटतं. महिनाभर घरात भांडण चाललं होतं ते गाडीवरून. मुलाला लपवायचं होतं ते नवखेपण. अशी किती तरी मुलं मी पाहिली आहेत.

त्याच्या संमतीने वडिलांना आत बोलावलं. ते म्हणाले, "अरे, मला सांगायचंस ना!"

"तुम्ही म्हणाला असता, एवढंसुद्धा येत नाही?"

वडील क्षणभर गप्प झाले. "हो, म्हणालो असतो," ते म्हणाले.

त्यानंतर गाडीची निवड सोपी झाली. नवख्याला चूक पोटात घालणारी गाडी हवी. स्प्लेंडरची ताकद आठ अश्वशक्तीच्या आसपास, ड्यूक ३९० ची चाळीसच्या वर. ॲक्सिलरेटर जास्त पिळून क्लच घाईत सुटला, तर पहिली फार तर झटका देते, दुसरी तुम्हाला घेऊन पुढच्या गाडीवर जाऊ शकते. वजनाचंही तेच. स्प्लेंडर साधारण ११२ किलोची, रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० तब्बल १९५ किलोची. चालताना ते जाणवत नाही. पार्किंगमधून मागे ढकलताना आणि वाळूवर पाय घसरला की जाणवतं. म्हणून शोरूममध्ये आधी सीटवर बसून दोन्ही पावलं जमिनीवर नीट टेकतात का बघा, मग इंजिन बंद ठेवून गाडी मागेपुढे ढकलून बघा. पहिल्या वर्षासाठी १०० ते १५० सीसी पुष्कळ झाली. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं आहे. पावसाळ्यातल्या आपल्या रस्त्यांवर मी त्यासाठी थोडे जास्त पैसे मोजायला सांगते. आयएसआय शिक्क्याचं, हनुवटी झाकणारं हेल्मेट गाडीच्याच बजेटमध्ये धरा.

मूल अठराच्या आतलं असेल तर मी निवडीवर बोलतच नाही. गिअरच्या गाडीचं लायसन्स अठराला मिळतं. त्याआधी गाडी चालवताना मुलाच्या हातून गुन्हा घडला तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

लर्निंग लायसन्स काढल्यावर पक्क्यासाठी किमान तीस दिवस थांबावं लागतं. ते दिवस या दोघांनी पहाटे मोकळ्या मैदानावर घालवले. वडिलांनी आधी ॲक्सिलरेटरला हातच लावू दिला नाही. नुसता क्लच सोडत गाडी सरकायला लागते ती जागा बोटांना कळेपर्यंत तेवढंच. गाडी बंद पडायची, पुन्हा किक.

निनादने शेवटी एबीएस असलेली १५० सीसीची गाडी घेतली, स्वतः ढकलून बघून. ड्यूकचा विषय दोन वर्षांनी पुन्हा काढायचा, असं बापलेकांचं ठरलं आहे. मला ते मान्य आहे.