मॉन्टेसानोत राहायला जावं का?

तुम्ही लिहिलंय की मिस्टरांना वॉशिंग्टन राज्यातल्या ग्रेज हार्बर काउंटीत नोकरी मिळतेय, ऑफिस मॉन्टेसानोत आहे, आणि 'ते लाकूडतोडीचं, मरायला टेकलेलं गाव आहे' असं कुणीतरी सांगितल्यापासून तुमची झोप उडालीय. आम्ही तिथे तीन वर्षं काढली. नवरा रस्त्यांच्या कामावर इंजिनिअर, मी घरी, मुलगी बालवाडीत. तेव्हा हे उत्तर घर चालवणाऱ्या बाईचं आहे असं समजा.

मरायला टेकलेलं म्हणणाऱ्याने बहुतेक अ‍ॅबर्डीन बघितलं असणार. ते पश्चिमेला गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर, वस्ती सतरा हजारांच्या आसपास. मॉन्टेसानो जेमतेम चार हजारांचं. मोठ्या सॉ मिल अ‍ॅबर्डीन आणि त्याला लागूनच्या होक्वियमच्या, बंदर त्यांचं, आणि मिल बंद पडत गेल्या तशी ओस पडलेली दुकानंही त्यांचीच. मॉन्टेसानोच्या वाट्याला आलं कोर्ट. काउंटी सीट म्हणजे आपलं जिल्ह्याचं ठिकाण: खटले, शेरीफ, जमिनीचे दस्त, कर भरायची खिडकी. लाकडाचा भाव चढो नाहीतर पडो, भांडणं आणि खरेदीखतं थांबत नाहीत, आणि ती हाताळणाऱ्यांचा पगार वेळेवर होतो. ही पगारदार मंडळी दुपारी जेवायला बाहेर पडतात, म्हणून मेन स्ट्रीटवर दिवे लागतात. पनवेल केवढंही वाढलं तरी रायगडचा कलेक्टर बसतो अलिबागला, तसंच काहीसं.

कोर्टाची घुमटवाली दगडी इमारत शंभर वर्षांहून जुनी. १९९९ च्या भूकंपात तिला चांगलाच तडाखा बसला होता, पण ती पाडली नाही, दुरुस्त केली. आत जाऊन या.

लाकडाचा धंदा मात्र संपलेला नाही, हे पहिल्याच सकाळी कळेल. हायवे १२ वरून ओंडक्यांनी भरलेले ट्रक सतत जातात. रिकामे परतताना ते मागचा ट्रेलर घडी करून स्वतःच्याच पाठीवर घेतात. आमची लेक त्याला 'बाळ कडेवर घेतलेला ट्रक' म्हणायची. डोंगरावर एक पट्टा गर्द हिरवा, शेजारचा पार भादरलेला, त्याच्या पलीकडे गुडघाभर रोपं. मला सुरुवातीला बघवायचं नाही. शेजारच्या आजोबांनी, त्यांची सगळी हयात जंगलात गेलेली, मला समजावलं की हे रान नाही, शेत आहे. पीक डग्लस फरचं, कापणी चाळीस-पन्नास वर्षांनी.

शेत हा शब्द त्यांनी उगाच वापरला नव्हता. 'ट्री फार्म' हे नाव अमेरिकेत रूढ झालं ते इथूनच. त्याआधी कंपन्या झाडं तोडायच्या आणि जमीन तशीच टाकून पुढच्या डोंगराला लागायच्या. उरलेल्या पाल्यापाचोळ्याला वणवे लागायचे. १९४१ मध्ये वेयरहाउजर कंपनीने मॉन्टेसानोजवळची सुमारे एक लाख वीस हजार एकर जमीन क्लेमन्स ट्री फार्म म्हणून जाहीर केली आणि तिथे आग आवरणं, झाडं पुन्हा वाढवणं सुरू केलं. त्यात जाहिरातबाजीही होती. शेताला कोण आग लावेल, हा हिशेब. पण झाडं खरोखरच उगवली. १९९० मध्ये ठिपक्यांच्या घुबडाला संरक्षण मिळालं आणि सरकारी जंगलातली तोड घटली, तेव्हा अख्ख्या किनारपट्टीने घुबडाच्या नावाने बोटं मोडली. मॉन्टेसानोभोवतीची पुष्कळ जमीन खाजगी, त्यामुळे इथे करवती थांबल्या नाहीत. माणसं कमी झाली ती यंत्रांमुळेही, पण ते घुबडाएवढं कुणी तावातावाने सांगत नाही. हा विषय तुम्ही स्वतःहून काढू नका.

मुलीला घेऊन वाचनालयात जालच. वाचनालयांच्या जाळ्याचं नावच टिंबरलँड आहे, आणि गावातल्या शाखेला डब्ल्यू. एच. एबल या वकिलाचं नाव. मी कित्येक महिने ते नुसतं वाचत होते, मग एकदा शोध घेतला. १९१९ च्या नोव्हेंबरात सेंट्रेलिया गावात माजी सैनिकांची मिरवणूक आणि आयडब्ल्यूडब्ल्यू (इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड) या कामगार संघटनेचे लाकूडतोडे यांच्यात गोळीबार झाला. त्याच रात्री संघटनेच्या वेस्ली एव्हरेस्टला तुरुंगातून ओढून जमावाने फाशी दिलं. खटला मात्र उभा राहिला तो उरलेल्या लाकूडतोड्यांवर, आणि १९२० मध्ये तो चालला मॉन्टेसानोच्या ह्याच कोर्टात. बाहेर लष्कराची छावणी. सात जणांना पंचवीस ते चाळीस वर्षांची शिक्षा झाली. दोन वर्षांनी सहा ज्यूरींनी प्रतिज्ञापत्रं लिहून दिली की आपला निकाल न्याय्य नव्हता. एबल त्या खटल्यात सरकारी बाजूचे वकील होते. त्यानंतर त्या दारातून आत जाताना मी दर वेळी पाटी वाचायचे.

आता तुमच्या कामाचं. पाऊस आपल्या कोकणाएवढा नसला तरी भरपूर, आणि उलटा: ऑक्टोबरात सुरू होतो, मार्च-एप्रिलपर्यंत चालतो, धो धो कमी आणि रिपरिप जास्त. जुलै-ऑगस्ट कोरडे, सोन्यासारखे. डिसेंबरात साडेचारला अंधार होतो. मला पहिला हिवाळा फार जड गेला. समुद्र पन्नासेक किलोमीटरवर वेस्टपोर्टला, पण डुंबायचा नाही, बघायचा. ओहोटीच्या ठरलेल्या तारखांना लोक परवाना काढून वाळूतून रेझर क्लॅम उपसतात. तिसऱ्यांचे लांबट, दांडगे भाऊबंद समजा. सुकं अफलातून होतं, नारळ तेवढा फ्रोजन. डाळी-पिठं मी सिअ‍ॅटलजवळच्या केंटला गेले की दोन महिन्यांची भरायचे. गावाला लागून लेक सिल्व्हिया आहे, पूर्वी तिथे लाकूडतोडीचा कॅम्प होता. मुलांना तिथेच न्या.

निर्वाणा या रॉक बँडचा गायक कर्ट कोबेन लहानपणी इथे राहिला होता, हे तुम्हाला पहिल्या आठवड्यात चार जण सांगतील.

घर बघाल तेव्हा नदीकाठच्या सखल भागापेक्षा चढावरचं बघा, आणि आत शिरण्याआधी छपराकडे नजर टाका. शेवाळ जाड झालेलं असेल तर ते खरवडणार कोण, हे भाडेकराराच्या आधी विचारा. आम्ही विचारलं नव्हतं.