आयसोलेट ३ चा फोकस आणि रेंजफाइंडर घरी कसा जुळवायचा?

तुम्ही लिहिलंय की आजोबांचा आगफा आयसोलेट ३ (जुना घडीचा फिल्म कॅमेरा) पेटीत सापडला, दोन रोल काढून पाहिले, रेंजफाइंडरमध्ये (अंतर मोजायच्या खिडकीत) दोन्ही इमेज बरोब्बर एकावर एक येऊन राहिल्या पण फोटोत माणूस नरम आणि मागची भिंत शार्प, तर रेंजफाइंडर ॲडजस्ट कसा करायचा. तर भाऊ, आधी एकच सांगतो, रेंजफाइंडरला अजून हात लावू नका. गडबड बहुतेक तिथे नाहीच.

आयसोलेट ३ मध्ये रेंजफाइंडर आणि लेन्स यांचा एकमेकांशी काहीच संबंध नाही. वरची चकती फिरवायची, दोन इमेज जुळल्या की चकतीवरचा आकडा वाचायचा आणि तो आपल्या हातानं लेन्सच्या रिंगवर लावायचा. म्हणजे रेंजफाइंडर अगदी खरं बोलत असला तरी रिंगवर जिथे २ मीटर लिहिलंय तिथे लेन्स खरंच २ मीटरला फोकस होते का, हे त्याच्या बापालाही माहीत नाही. माझ्याबाबतीत हेच झालं होतं. एका दुरुस्तीवाल्याकडे कॅमेरा दिला, त्यानं टॉप कव्हर उघडून रेंजफाइंडर चकाचक करून दिला, पैसे घेतले, आणि फोटो जसेच्या तसे, कारण लेन्सकडे त्यानं पाह्यलंच नाही. तेव्हापासून माझा क्रम पक्का आहे, आधी लेन्स फिल्मच्या जागेवर खरी करायची, मग रिंगवरचे आकडे, आणि रेंजफाइंडर सगळ्यात शेवटी.

आजोबांना हे कधी जाणवलं नसेल त्याचं कारणही सोपं आहे. आपल्याकडच्या उन्हात त्यांनी सगळं एफ ११ किंवा १६ वर, म्हणजे लेन्सचं तोंड (ॲपर्चर) बारीक करून, काढलं असेल. ७५ एमएमची लेन्स दीड मीटरला एफ ११ वर साधारण ४५ सेंटीमीटर जागा शार्प ठेवते, तीच ३.५ वर उघडली की जेमतेम १४ सेंटीमीटर उरते. घरात खिडकीपाशी ३.५ वर फोटो काढला की इतकी वर्षं झाकलेली चूक उघडी पडते.

आता आगफाचा खास रोग. या कॅमेऱ्यांत फोकसच्या आट्यांना जे हिरवट ग्रीस लावलेलं असायचं ते वाळून अक्षरशः डिंकासारखं होतं. रिंग जाम असेल तर रोग लगेच कळतो, पण फसवणारी केस वेगळीच. पुढची काच मधल्या काचेच्या सेलला (काच बसवलेल्या कडीला) चिकटून बसते आणि तुम्ही रिंग फिरवली की दोघी मिळून शटरमधूनच सुटून बाहेर यायला लागतात. वरून पाहणाऱ्याला वाटतं रिंग फिरते, सगळं छान. दोन सेलमधलं अंतर मात्र हलतच नाही, आणि या लेन्सचा फोकस तर त्या अंतरावरच चालतो. म्हणून रिंग फिरवताना तिच्या मागची दुसरी कडा पाहा, तीही सोबत फिरत असेल तर आधी हे सोडवावं लागेल. लायटर फ्लुइडचे दोन-तीन थेंब आट्यांच्या फटीत, रात्रभर ठेवा, सकाळी हेअर ड्रायरनं थोडं गरम करा, पुन्हा थेंब, असे तीन-चार दिवस गेले तरी चालतील पण पक्कड लावू नका. मे महिन्यात तर मी ड्रायरही घेत नाही, दुपारी गच्चीच्या जिन्यात अर्धा तास ठेवला की काम होतं. (थेट उन्हात नको, बेलोज, म्हणजे कॅमेऱ्याचा घडीचा भाता, आधीच कडक झालेला असतो. आणि फ्लुइडच्या जवळ गॅस किंवा काडी नको, ड्रायरही वास पूर्ण उडाल्यावरच, हे सांगायची गरज नाही तरी सांगतो.)

पुढचा सेल सुटायला लागला की बाहेर काढण्याआधी बारीक मार्करनं खूण करा, आणि आटे ज्या क्षणी सुटतात त्या जागेवर दुसरी खूण. बऱ्याच फ्रंट सेलचे आटे मल्टी-स्टार्ट असतात, म्हणजे आत शिरायला दोन-चार दरवाजे आणि त्यातला एकच आपला. चुकीच्या दरवाजातून गेलात तर इन्फिनिटी (खूप दूरचा फोकस) कधीच मिळणार नाही आणि तुम्ही रात्रभर डोकं धरून बसाल. जुनं ग्रीस पूर्ण पुसायचं आणि नवं अगदी नखावर मावेल इतकंच, नाहीतर आपल्या उन्हाळ्यात ते वितळून शटरच्या पात्यांवर उतरतं.

आता मुख्य काम. मागचं दार उघडा, शटर बी वर (दाबलेलं असेपर्यंत उघडं राहतं ती जागा) ठेवून केबल रिलीजनं, म्हणजे शटर दाबायच्या तारेनं, उघडं लॉक करा, ॲपर्चर पूर्ण उघडा. फिल्म ज्या दोन आतल्या पट्ट्यांवर टेकते तिथे इमेज पाहायला घासलेली काच लागेल. ती विकत घ्यायची गरज नाही. मी प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानातून मायक्रोस्कोपच्या स्लाइड आणल्या, फ्रेमवाल्याकडून ६० मिलिमीटर लांबीच्या कापून घेतल्या (फिल्मच्या वाटेत त्याहून मोठी बसत नाही) आणि वर मॅजिक टेप, ती धुरकट दिसणारी, एकही बुडबुडा न ठेवता चिकटवली. टेपची बाजू लेन्सकडे यायला पाहिजे, म्हणजे टेपच पट्ट्यांवर टेकली पाहिजे. मी पहिल्या वेळी उलटी ठेवली होती. काच फक्त एक मिलिमीटरची, त्यानं काय फरक पडणार असं वाटलं, आणि दूरचा टॉवर काचेवर इतका सुंदर शार्प दिसला की मी खुशीत स्क्रू कसून टाकले. रोल धुऊन आला तर दीड मीटरला लावलेला फोकस १.८ मीटरला पडलेला. नंतर वहीवर हिशोब मांडला तेव्हा कळलं, इन्फिनिटीपासून दीड मीटरपर्यंत यायला फोकसची जागा सगळी मिळून चारच मिलिमीटर सरकते, आणि मी त्यातला पाऊण मिलिमीटरच्या आसपास काचेच्या जाडीतच घालवला होता.

काच बसवली की घड्याळवाल्याचं भिंग डोळ्याला लावून दूरचं काहीतरी पाहा. किती दूर? ७५ एमएमसाठी ३०० मीटर पुरे, अर्धा-एक किलोमीटर असेल तर प्रश्नच नाही. आमच्या नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठावर उभं राहून पलीकडच्या इमारतीच्या कडा धरल्या तरी चालेल, पण वेळ सकाळची निवडा. नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) सकाळी अकरानंतर हवा अशी उकळते की त्या कडा नाचायला लागतात आणि तुम्ही फोकस शोधता की मृगजळ तेच कळत नाही.

मला स्वतःला घरात बसून करायची पद्धत आवडते, रात्री, कूलर बंद करून. तुमच्याकडे कुठलाही एसएलआर किंवा डीएसएलआर असेल आणि ८५ किंवा १३५ ची लेन्स, तर तो इन्फिनिटीला लावायचा आणि आयसोलेटसमोर ठेवायचा, लेन्ससमोर लेन्स, मधे दोन-चार सेंटीमीटर. आयसोलेटच्या पट्ट्यांवरच्या टेपवर ब्लेडच्या टोकानं दोन बारीक रेघा ओढा, मागे पांढरा कागद धरून मोबाइलचा टॉर्च. आता एसएलआरमधून पाहा, त्या रेघा दिसतील. फिल्मच्या जागेवरचा ठिपका बरोबर फोकसमध्ये असला तर त्याचा उजेड लेन्समधून समांतर बाहेर पडतो, आणि इन्फिनिटीला लावलेल्या कॅमेऱ्याला समांतर उजेडच शार्प दिसतो. म्हणजे रेघा शार्प झाल्या की तुमची लेन्स इन्फिनिटीला आली. ना धूळ मधे येते ना ऊन. फक्त एक सांभाळा, हल्लीच्या ऑटोफोकस लेन्स इन्फिनिटीच्याही पुढे फिरतात, त्यामुळे रिंगवरच्या खुणेवर विश्वास नको. आधी लाइव्ह व्ह्यू मोठा करून चंद्रावर मॅन्युअल फोकस करा आणि रिंगला चिकटपट्टी मारा, मग आत या.

रेघा शार्प दिसल्या की सेल हलू न देता, आकड्यांची बाहेरची रिंग तिच्यावरचे तीन बारीक ग्रब स्क्रू ढिले करून इन्फिनिटीच्या अडसरापर्यंत आणायची आणि तिन्ही थोडे थोडे आळीपाळीनं कसायचे. एकच आधी पूर्ण कसला तर सेल केसभर सरकतो. स्क्रूचे डोके इतके लहान की साधा स्क्रूड्रायव्हर घसरून खाच खराब करतो. मी इतवारीतून सोनार-घड्याळवाले वापरतात तो सेट आणला, तो आजही चालू आहे. कसून झालं की पुन्हा पाहा, हमखास थोडं हललेलं असतं. मला सरासरी तिसऱ्या वेळी जमतं.

आता जवळचं. मोजायच्या टेपनं फिल्मच्या पट्टीपासून (लेन्सपासून नाही) बरोबर दीड मीटर मोजा, रिंग दीडवर लावा, काचेवर पाहा. इन्फिनिटी खरी असेल आणि पुढचा सेल योग्य दरवाजातून गेला असेल तर हे आपोआप जमतं. नाहीच जमलं तर सेल आणि मधल्या काचेत काहीतरी घोळ आहे किंवा लेन्स बसवलेली पुढची प्लेट तिरकी उघडते. कॅमेरा उघडून बाजूनं पाहा, प्लेट धरणारे दोन्ही बाजूंचे हात सारखे ताठ बसतात का. काचेच्या डाव्या कडेला शार्प आणि उजवीकडे नरम दिसलं तर समजा तोच प्रकार.

एवढं झाल्यावर रेंजफाइंडर. रात्री चंद्राकडे धरा, चकती इन्फिनिटीला, चंद्र एकच दिसला पाहिजे. दोन दिसले आणि आजूबाजूला असले तर अंतराची चूक, वर-खाली असले तर आरसा कलला आहे. टॉप कव्हर काढल्यावर आत एक अर्धपारदर्शक आरसा आणि एक फिरणारा आरसा दिसेल, आरशाचा स्क्रू अगदी थोडा, म्हणजे श्वास लागल्याइतकाच, फिरवायचा. अर्धपारदर्शक आरशाला कापूस लावायचा मोह आवरा, ते जुनं कोटिंग एका फटक्यात निघून येतं आणि मग दुसरी इमेज कायमची गायब. माझं एकदा असंच झालं, ब्लोअरनं धूळ उडवली असती तरी भागलं असतं.

आणि रोल घालून तपासताना पत्त्यांचा डाव वापरा. टेबलावर कपड्याच्या चिमट्यांत एक्क्यापासून दश्शीपर्यंत पत्ते उभे करा, पाच-पाच सेंटीमीटरवर, थोडे तिरके म्हणजे एकमेकांआड जाणार नाहीत. पंजीवर रेंजफाइंडर जुळवा, आकडा लेन्सवर लावा, पूर्ण उघड्या ॲपर्चरवर ट्रायपॉडवरून क्लिक. निगेटिव्हवर सत्ती शार्प आली तर दहा सेंटीमीटर मागे जाऊन राहिलंय, इतकं सरळ गणित. मात्र फ्रेम ओढण्याआधी कॅमेरा उघडा, तोही सावकाश. फटकन उघडला की बेलोज हवा ओढतो आणि फिल्म पुढे फुगते, मग तुमची सगळी मोजमापं एकीकडे आणि फुगलेली फिल्म दुसरीकडे. आधी उघडायचा, मग फिल्म पुढे न्यायची.

हे सगळं सुपर आयकोंटावाल्यांनी (झाइस इकॉनचा घडीचा कॅमेरा) जसंच्या तसं करू नये बरं का. तिथे लेन्सच्या बाजूच्या हातावर फिरणारे प्रिझम असतात आणि ते लेन्सच्या रिंगशी दातांनी जोडलेले, एक हलवलं की दुसरं हलतं. तुमचं काम त्या मानानं सोपं आहे, आणि जोडणी नसल्याचा एक फायदाही घ्या. माझ्या आयसोलेटचा रेंजफाइंडर इन्फिनिटीला आणि दीड मीटरला खरा आहे पण मधे तीन मीटरला थोडा जास्त दाखवतो, आरशाशी झगडत बसण्यापेक्षा मी केसच्या झाकणात आतून चिठ्ठी चिकटवली आहे, ‘चकती ३.३ म्हणजे लेन्स ३’.